निरंक झाडाची सावली

श्रावणजी काकांची आणि माझी पहिली भेट माझ्या एका चुकीमुळे झाली. ती चूक काकाजींनी आजवर कोणालाही सांगितली नाही. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात ती मीच सांगून टाकते. त्यांना हे आवडणार नाही, पण एवढी आगळीक त्यांनी सहन करावी.

मी पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत परवानग्यांच्या टेबलावर बसते. आमचे दफ्तर हिंदीत चालते आणि त्यात 'निरंक' म्हणून एक फार सोयीचा शब्द आहे. निरंक म्हणजे काही नाही. जमीन मोकळी करण्याचा अर्ज आला की पटवाऱ्याच्या, म्हणजे तलाठ्याच्या, नोंदीतला झाडांचा रकाना पाहायचा आणि तो कोरा असला की 'वृक्ष निरंक' लिहून सही ठोकायची. जागेवर जाऊन पाहण्याचा नियम नव्हता, आणि नियम नसताना उन्हात जाईल तो बाबू कसला? जाम नदीपलीकडच्या, सावरगावच्या बाजूच्या एका वावराचा अर्ज मी असाच निकालात काढला होता.

पुढे पंधरा दिवसांनी काकाजी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. ते निवृत्त पटवारी. झाडतोड आणि जमीन सफाईचे आमचे जुने नियम बदलायला जी समिती नेमली होती, तिचे ते प्रमुख. मी लगबगीने खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

"बाई, तुमी निरंक लिवलेली चिंच पाह्यली काय?"

"नोंदीत तर झाडच नाही, काकाजी."

"नोंदीत नाई, वावरात होती. चला, दाखवतो."

वैशाखातली भर दुपार होती. जेसीबीने सारे रान सपाट केले होते आणि चिंचेचा खड्डाही बुजवला होता. शेजारच्या वावरात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटणाऱ्या पाच बाया त्या उघड्या जमिनीच्या मधोमध भाकर खात बसल्या होत्या. एकीच्याही डोक्यावर पदर नव्हता. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या सुमनबाई म्हणाल्या, "या नं बाई, सावलीत बसा."

मी काकाजींकडे पाहिले. त्यांनी चपला काढल्या आणि बायांशेजारी जाऊन बसले. मग मीही बसले.

तिथे गार होते. यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि माझाही बसला नसता. दोन हातांवरच्या ढेकळाला बोट लावले तर चटका बसत होता, आणि जिथे मी बसले होते तिथली माती माठाखालच्या मातीसारखी थंड होती. वर पाहिले तर नुसते आभाळ. काही वेळाने सुमनबाईंनी भाकरीचे फडके उगवतीकडे ओढले. "सावली सरकून राहिली, बाई. सरका." पाचही जणी न बघता एकदम सरकल्या, काकाजीही सरकले. मी हट्टाने तिथेच बसून राहिले. दोन मिनिटांत माझा डावा खांदा भाजू लागला आणि मी घाईघाईने त्यांच्यात जाऊन बसले.

"चिंच पडून किती दिवस झाले?" मी विचारले.

"आठ दिस," सुमनबाई म्हणाल्या. "आमच्यात झाड तोडायच्या आदल्या दिशी त्याच्याखाली जाऊन सांगा लागते, उद्या येतो म्हनून. मंग झाड बी मोकळं होते, अन् त्याच्यावर जे कोनी असन ते बी. हिले कोनी सांगतलंच नाई. मंग हे जाईन कसं?"

त्या रात्री मला ताप भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी आपल्या बागेतली लिंबे घेऊन घरी आले. "ताप भेवाचा हाये, चिंचेचा नाई," असे म्हणून त्यांनी स्वतः सरबत करून दिले. ही त्यांची रीत. समितीच्या अहवालात त्यांनी 'एका अर्जावर' एवढेच लिहिले, बाबूचे नाव कुठेही येऊ दिले नाही.

नव्या नियमांत त्यांनी दोन कलमे घातली. जागेवर गेल्याशिवाय 'निरंक' लिहायचे नाही. आणि तोडीच्या आठ दिवस आधी बाबूने झाडाखाली उभे राहून नोटीस मोठ्याने वाचायची. परिषदेच्या बैठकीत दुसऱ्या कलमावर हशा पिकला. "काकाजी, झाडाले आयकू येते काय?" एका पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, विचारले. कलम तिथेच पडणार, हे मला स्पष्ट दिसत होते.

काकाजी उभे राहिले. "त्या चिंचेचा रकाना मीच कोरा सोडला होता," ते म्हणाले. "नवा पटवारी होतो. लोक म्हनत, चिंचेवर कोनीतरी राह्यते. मले भेव वाटलं. चावडीत बसूनच नोंद केली. तवापासून ते झाड कागदावर नव्हतंच. म्हनून तोडाले सोपं गेलं."

सभागृहात कोणी हसले नाही. कलम मंजूर झाले. माझी चूक ठाऊक असलेला तिथला एकटा माणूस स्वतःची चूक सांगून खाली बसला होता, आणि मी मागच्या खुर्चीवर तोंड शिवून बसले होते. त्याची लाज मला आजही वाटते.

त्या जमिनीवर प्लॉट पडले, पण अजून एकही घर उठलेले नाही. दर वैशाखात काकाजी एका दुपारी तिथे जाऊन बसतात. यंदा मीही गेले. चिंचेला उशिरा का होईना, नोटीस वाचून मोकळे करावे म्हणून कागद पर्समध्ये घेतला होता. बाया जेवत होत्या. मी कागद उघडला, तसा काकाजींनी माझा हात धरला.

"राहू द्या, बाई. सावली गेली तं ह्या बाया बसतीन कुठी?"

मी कागदाची घडी घातली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "सरका," आणि आम्ही सगळे सरकलो.

काकाजी, ती सही माझी होती. तुम्हाला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, तुमची शंभरीही याच गावाने साजरी करो. आणि एक शब्द देते. सगळ्या झाडांखाली मी नोटीस वाचीन, तुमच्या अंगणात कधीही वाचणार नाही. तुम्हाला जा म्हणून सांगायला आमच्यातले कोणीही येणार नाही.