बूस्ट, वेस्टगेट आणि पहिली अगरबत्ती

आमच्या अमरावतीच्या गॅरेजात जुने नट-बोल्ट डबे भरून साठतात, तसेच किस्सेही. फेकवत नाहीत, अन् कामाला कधी येतील सांगता येत नाही! बहुतेकांत हसं माझंच झालेलं असतं, म्हणून बाबा ते गिऱ्हाइकांना चहाबरोबर फुकट वाटतात. त्यापेक्षा मीच सांगते.

मेकॅनिकलची डिग्री घेऊन मी गॅरेजात आले तो दिवस दसऱ्याचा. आमच्याकडे पूजेची पहिली अगरबत्ती गॅरेजचा मालक लावतो. बाबा उघड्या बॉनेटांवर हळदकुंकू वाहत, अगरबत्त्या खोचत फिरत होते.

"बाबा, टर्बोच्या गाड्या यापुढं माझ्या. अन् पुढच्या दसऱ्याले पहिली अगरबत्तीही मीच लावीन!"

"पाहू," बाबा म्हणाले.

मोठ्या माणसांचा हा एक शब्द माझं डोकं फिरवतो!

*

अकोटचे एक काका आले.

"मिस्त्री कुठं हाये?"

"मीच."

"बरं. मंग मोठा मिस्त्री कुठं हाये?"

त्यांना गाडीचा बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवून हवा होता. मी समजावलं, "काका, टर्बो इंजिनात हवा कोंबते. हवा जास्त झाली की तिचाच दाब एका बारीक नळीतून जातो अन् वेस्टगेट नावाची झडप उघडतो. मग टर्बो आपोआप हळू होते. ते बिघडलं तर इंजिन फुटेल. हे पाहा!"

अन् फुगा फुगवायला घेतला. फुटेचना! फुगवून फुगवून मीच चक्कर येऊन टायरवर बसले.

काका ओरडले, "ओ भाऊ! तुमच्या इंजिनिअरचा बूस्ट संपला!"

*

मग मी आमच्याच जुन्या गाडीला बूस्टचा काटा बसवला, वेस्टगेटची दांडी जरा जास्तच आवळली अन् अकोला रोडला निघाले. काटा चढत होता, माझी छाती फुगत होती. बडनेऱ्याच्या पुढं इंजिनाच्या कॉम्प्युटरनं घाबरून सगळी ताकद काढून घेतली. एका ट्रॅक्टरनं मला ओव्हरटेक केलं!

ट्रॅक्टरवाला थांबला. "ताई, टोचन करू का?"

"नको! टेस्टिंग सुरू आहे!"

परत येताना त्यानं विचारलंसुद्धा नाही. सरळ दोर काढला.

*

संत्र्यांच्या हंगामात वरूडचे व्यापारी रामभाऊ पिकअप घेऊन आले. "पोरी, सपाटीवर सुसाट पयते, पन चढ लागला का एकदम मरते. मागं माल सडून राह्यला माया!"

बाबांनी चावी माझ्या हातात दिली. "घे. टर्बो तुयी ना?"

लॅपटॉप लावला. बूस्ट हद्दीबाहेर! सेन्सर बदलला. व्हॉल्व्ह बदलला. काही फरक नाही. रामभाऊ संत्री सोलत बसले, मला एकही दिलं नाही. शेवटी वेस्टगेटची नळी उपसली, तर झडपेच्या तोंडात एक काडी गच्च अडकलेली. वास घेतला. मोगरा!

"कोणत्या अडाणी माणसानं इंजिनात अगरबत्ती खोचली?" मी गॅरेज डोक्यावर घेतलं.

रामभाऊ बाबांकडे पाहत म्हणाले, "दसऱ्याले गाडी अथीच होती. नळी बदलायले."

बाबा शांतपणे पाना पुसत होते. "त्या भोकात बराबर बसली होती," ते म्हणाले. "अन् वरून नवी नळी कोनं बसवली वं?"

मी लॅपटॉप बंद केला.

*

यंदाचा दसरा. रामभाऊंची पिकअप झेंडूची माळ घालून उभी. अकोटचे काकाही हजर. बाबांनी पहिली अगरबत्ती पेटवली, एकदा गॅरेजभर नजर फिरवली अन् माझ्यापुढं धरली.

"घे."

मी घेतली. पिकअपच्या उघड्या बॉनेटपाशी गेले. जिकडं पाहावं तिकडं भोकंच भोकं!

"लाव ना वं," रामभाऊ म्हणाले.

"मुहूर्त चालला!" काका ओरडले.

बोटाला चटका बसेपर्यंत मी ती हातातच धरून उभी होते. राख इंजिनात पडू नये म्हणून बाबांनी खाली तळहात धरला होता.