प्लग-इन ठेवायचं की काढायचं

हिंगोलीत एस.टी. स्टँडाच्या मागच्या गल्लीत माझं इंटरनेट कॅफे होतं. तीन संगणक, एक प्रिंटर. दर मंगळवारी सेनगावहून एक कंडक्टर मामा यायचे. त्यांची ती सुट्टी. सोबत पोरगी असायची. मामा समाजाच्या वधू-वर साइटवर तिच्यासाठी स्थळं बघायचे आणि वहीत टिपून घ्यायचे.

त्या साइटची मराठी अक्षरं दिसायला ब्राउझरला एक प्लग-इन जोडावं लागे. मी नवा ब्राउझर टाकला तेव्हापासून साइट उघडली की वर पिवळी पट्टी यायची: हे प्लग-इन जुनं झालंय, धोक्याचं असू शकतं, तरी वापरायचं का? दुरुस्तीला येणारा नांदेडचा माणूस काढूनच टाका म्हणाला. मामांकडं बघून मी दर वेळी 'हो' दाबत राहिले.

एका मंगळवारी मामा पानटपरीवर गेले तेव्हा पोरगी माझ्याजवळ आली. बी.एड.चं एक वर्ष राहिलंय, लग्न ठरलं की सासरचे कोण पुरं करू देतंय, वडील ऐकायलाच तयार नाहीत, असं सगळं तिनं एका दमात सांगितलं. मग म्हणाली, "ताई, पुढच्या बारीला 'नाही' दाबा ना."

मला आठवडाभर काही सुचेना. शेवटी नांदेडचा माणूस काय उगीच सांगतो का, अशी मनाची समजूत घातली आणि 'नाही' दाबलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता कालवा झाला. कुठल्याही भाषेत त्याला अर्थ नव्हता. फोटो तेवढे नीट दिसत होते.

मामा गोंधळले. पोरगी शांतपणे म्हणाली, साइट आता इंग्रजीत झालीय, मी वाचून दाखवते. आणि तिनं वाचायला सुरुवात केली. पहिल्या मुलाला दमा. दुसऱ्याच्या घरी सात भाऊ आणि एकच मोरी. तिसरा एका कानानं बहिरा. मी प्रिंटरमध्ये तोंड घालून बसले. मामा इमानदारीनं लिहून घेत होते. तीन मंगळवार असंच चाललं. तिसऱ्या मंगळवारी उठताना मामा खिन्नपणे म्हणाले, "समाजातली सगळीच पोरं आजारी काहून पडून राहिली?"

चौथ्या आठवड्यात ते गुरुवारी आले, एकटे, खाकी कपड्यांत. बहिऱ्या मुलाच्या फोटोत मागं जवळा बाजार गावचं एक कापड दुकान होतं. मामांनी ते ओळखलं होतं. दुकानाचे मालक गाडीत भेटले तेव्हा मामांनी आपुलकीनं विचारलं, पोराचा कान आता कसा आहे? मालक भर गाडीत भांडले. माझ्या पोराच्या कानाला काय झालंय, म्हणाले.

मामा खुर्चीत बसले. "ताई, मशीन खोटं बोलून राहिलं का पोरगी?"

"मशीन न्हाई," मी म्हणाले. मग 'नाही' मीच दाबलं हेही सांगून टाकलं. बी.एड.चं सांगितलं. गिऱ्हाईक तर गेलंच, वर बोलणीही खावी लागणार, असं वाटत होतं.

पोरगी घरी दोनदा बोलली होती, आपणच लक्ष दिलं नाही, असं काहीसं मामा पुटपुटले. मग उठले.

"वर्षभर ती अक्षरं बंदच राहू द्या," म्हणाले. "पण तिला सांगू नका मला कळलं म्हणून. न्हाई तर डोक्यावर बसंल."

दारापर्यंत जाऊन ते वळले. रोज त्याच रूटवर ड्युटी असल्यानं त्या दुकानदाराची माफी कशी मागावी, हे त्यांनी मलाच विचारलं.

पोरगी बी.एड. झाली. त्यानंतरच्या एका मंगळवारी बापलेक आले तेव्हा साइट नव्या मराठी अक्षरांत झाली होती. प्लग-इनची गरजच उरली नव्हती, म्हणून मी ते काढून टाकलं. आता मामा स्वतः वाचत होते आणि पोरगी शेजारी बसून एकेक नाकारत होती. तासाभरात तिनं चार स्थळं बाद केली. पाचव्यावर मात्र थोडी थांबली आणि म्हणाली, "ह्याचा पत्ता लिहून घ्या."