तुराटीनं शिवायचं

"हातानं न्हाई. तुराटीनं शिवायचं."

देशमुखाचा पोरगा असं म्हणाला आणि त्यानं तुरीची वाळकी काडी माझ्या लेकाच्या पायाशी फेकली. हातात दिली न्हाई, पायाशी फेकली. लेकानं वाकून उचलली आणि 'हुतूतू हुतूतू' करत रेघ ओलांडली.

हे मी पाहिलं ते फार उशिरा. त्याआधी सहा महिने मी मिशीला पीळ देत होते. बाईला मिशी नसते म्हणतात, पण त्या दिवसांत मला चांगली झुपकेदार आली होती.

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या अलीकडं. राज्य निजामाचं, गाव देशमुखाचं. आमी महार, गावाबाहेर राहायचो. नवरा हिंगोलीला जिनिंगात हमाली करायचा, पंधरा-पंधरा दिवस तोंड दिसायचं न्हाई. मी देशमुखाचा गोठा झाडायची. लेक केरबा, दहा वर्षांचा. त्याचा दम भलता मोठा. नाल्यात बुडी मारली की वर यायचं नाव न्हाई, काठावर माझाच जीव जायचा. देशमुखाच्या पोरानं ते पाहिलं आणि निरोप धाडला, पोरगं रोज दिवस कलला की हुतूतू खेळायला पाठव.

जत्रेत शेजारच्या गावाशी हुतूतूचा सामना असायचा. आपला केरबा देशमुखाच्या गड्यांत! मी हुरळले. झिऱ्यावर पाणी भरताना बायांना सांगत सुटले, "केरबाबिगर त्यांचं पान हलत न्हाई."

शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं येडे, आपल्या सावलीपासून अंग चोरतात ते. खेळात घेतील व्हय?"

"जळती का गं आत्ये?" मी म्हणाले. केवढी शहाणी होते पाहा.

मग मी वस्तादीण झाले. रोज सकाळी घमेल्यात पाणी भरायचं, केरबाची मान धरायची, तोंड पाण्यात दाबायचं आणि आकडे मोजायचे. मला आकडे वीसपर्यंतच येत. वीस झाले की परत एकपासून. पोरगं हातपाय झाडायचं. मी म्हणायचे, अजून थोडं, अजून थोडं.

संध्याकाळी घरी यायचा तो सोललेलं कोपर आणि पाठीवर वळ घेऊन. मी वळ बघायचे न्हाई. एकच विचारायचे, "जिंकलास का?"

"न्हाई."

"काहून? दम सुटला?"

"व्हय."

की मी त्याच्या पुढ्यातली अर्धी भाकर काढून घ्यायची. हरणाऱ्याला अर्धीच. हा कायदा निजामाचा न्हाई, देशमुखाचा न्हाई. माझा.

एक दिवस शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उकिरड्याकडं निघाले होते. वाट मारुतीमागच्या पटांगणाच्या कडेनं. म्हटलं, आपल्या वाघाला पाहू तरी. थांबले.

एका बाजूला केरबा एकटा. दुसऱ्या बाजूला सात पोरं, सातांच्या हातात काठ्या. केरबानं त्यांना काडीनं शिवायचं. त्यांना केरबाला धरायचं तर विटाळ, म्हणून ते काठ्यांनी रेटायचे, पाडायचे, दम सुटेपर्यंत काठ्यांखाली दाबून धरायचे. काडी लागलीच कुणाला, तर देशमुखाचा पोरगा म्हणायचा, "कापडाला लागली. धरत न्हाई." की सगळे हसायचे. जत्रेआधी त्या सातांच्या पायांना सवय व्हावी म्हणून दमवायला आणलेलं जनावर होतं ते. गडीबिडी काही न्हाई.

धडाची बाई असती तर पाटी टाकून पोराला घरी घेऊन गेली असती. मी काय केलं? मी ओरडले.

"शिव त्याला! हातानं शिव, केरबा! जिंक!"

पोरानं ऐकलं. काडी टाकली. काठ्यांखालून सापासारखा घुसला आणि देशमुखाच्या पोराच्या छातीवर अख्खा पंजा ठेवला. मागं आला, रेघेच्या आत आला, तरी त्याचं 'हुतूतू' चालूच होतं.

देशमुखाचा पोरगा बोंबलत आंघोळीला पळाला. पारावर बसलेला देशमुख उठून आला.

"तूच वरडलीस न्हवं?"

"व्हय मालक. चुकले." पाटी खाली ठेवून मी वाकून जोहार केला.

"मग तूच मार. आमी हात लावला तर आमाला बी आंघोळ." लोक हसले. "रडेस्तोवर मार."

काठी माझ्यापुढं येऊन पडली. मी उचलली.

आणि मारली. लपवत न्हाई. एक मारली, दुसरी मारली. जुन्या वळावर नवा वळ बराबर बसला, तेव्हा मला कळलं सहा महिने ते वळ कशाचे होते.

केरबा रडला न्हाई. मान वळवून म्हणाला, "माय, आता तर जिंकलो ना? आज पुरी भाकर देशील?"

सहा महिने पोरगं दोन्हीकडून मार खात होतं. तिकडं ते, इकडं मी. त्यांना निदान तो आपला वाटत नव्हता.

काठी हातातून सुटली.

"थांबलीस काहून?"

"न्हाई मारत."

"काय म्हणालीस?"

"न्हाई मारत, मालक. खेळात शिवलं त्यानं. बाद तुमचं पोरगं झालं."

फार धीट होते असं समजू नका. लुगडं ओलं झालं होतं, ते बी सांगून टाकते.

मग त्या काठ्या माझ्यावर आल्या. गोठा सुटला. सुगीत धान्याचा वाटा मागायला गेले, तर मला खळ्यावरून रिकामी परत पाठवली.

जत्रेला चार दिवस उरले तेव्हा देशमुखाचा गडी दारात आला. लांबूनच म्हणाला, "मालक म्हणतात, झालं गेलं. पोरांना सरावाला पोरगं पाठव. गोठ्याचं काम परत मिळंल."

घरात दोन मुठी पीठ होतं. जीभ वळवळली. दातांखाली धरली. म्हणाले, "त्याला इचारा."

"लेकराला इचारायचं?" गडी खदखदून हसला.

"व्हय. खेळणार तो हाय."

केरबानं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं. तो म्हणाला, "न्हाई येत."

गडी गेला. खरं सांगते, त्या क्षणी पोराच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. दोन मुठी पीठ! हात उचलला गेला होता. तसाच खाली आणला.

आणि तिथंच ठरवलं. ह्या लेकराचा दम देशमुखाच्या जत्रेसाठी न्हाई आणि माझ्या मिरवण्यासाठी बी न्हाई. खेळंल तर त्याच्या मनानं, हरंल तर त्याच्या मनानं. त्याच्यावर परत कुणी काठी उचलली तर आधी मला आडवी पाडावी लागंल. आणि माझाच हात उठला, तर तो मी चुलीत घालीन.