तिला कुणी फोन केला का?

वॉशिंग्टनच्या सरकारी पत्रकार कक्षात व्हर्ना ऑस्ट्रँडर सगळ्यात मागच्या खुर्चीत बसायची. ओहायोतल्या एका छोट्या गावच्या वर्तमानपत्राची ती बातमीदार. केस पिकले तरी पुढची रांग काही लाभली नाही, पण तिला त्याचं वैषम्य नव्हतं. मागे बसलं की घरचं सँडविच निवांत खाता येतं, म्हणायची.

त्या उन्हाळ्यात कुणा बड्या अधिकाऱ्याने सरकारच्याच एका गुप्तहेर बाईचं नाव मुद्दाम फोडलं आणि ते छापून आलं. "कुणी फोडलं?" पुढच्या रांगेतले रोज घसा ताणून विचारत. प्रवक्ता हेल ताकास तूर लागू देत नसे. "चौकशी चालू आहे. बोलता येणार नाही."

एके दिवशी व्हर्नाने हात वर केला.

"हेलसाहेब, सरकारातून त्या बाईला कुणी फोन तरी केला का? बरी आहेस ना, म्हणून विचारायला?"

हेल समोरचे कागद चाळू लागला. "त्याची चौकशी चालू..."

"फोन करायला चौकशी आडवी येते होय?"

हशा पिकला. हेलचे कान लाल झाले. "माहिती घेऊन सांगतो."

शेजारचा ड्वाइट कुजबुजला, "अगं, एवढं रान पेटलंय आणि तू खुशाली कसली विचारतेस?"

"तुम्ही चोर शोधा की. ज्या घरात चोरी झाली, तिथली विचारपूस मी करते."

पुढेही ती रोज तेच विचारत राहिली आणि हेल टाळत राहिला. शेवटी तिने आपल्या पेपरात साधी बातमी दिली: अजून कुणीही फोन केलेला नाही. मोठ्या पेपरांनी ती उचलली.

काही दिवसांनी व्हर्नाचाच फोन वाजला. "मी मेरिडिथ. तुम्ही जिची चौकशी करत होता ना, ती."

छापणार नाही असा शब्द घेऊन ती कॉफी प्यायला आली. "सासूबाईंना वाटायचं, मी विमा कंपनीत आहे," ती हसत म्हणाली. "आता म्हणतात, तरीच तुला माझ्या पॉलिसीतलं एक अक्षर कळत नव्हतं!" मग म्हणाली, "काल आमच्या खात्याच्या प्रमुखांचा फोन आला. अडखळत होते बिचारे. पण आला."

व्हर्नाने दोघींसाठी चेरीचा केक मागवला. नाव फोडणारा कोण, ते शेवटपर्यंत बाहेर आलं नाही.

"एवढं रोज विचारून काय मिळालं मग?" कॉफीच्या दुसऱ्या दिवशी ड्वाइटने विचारलं.

"छापण्यासारखं काही नाही," व्हर्ना म्हणाली. दिवसभर ती खुशीत होती.