पन्नास मीटरला अडीच सेकंद

विमानाचे सुटे भाग सात पेट्यांतून आले, तेव्हा गल्लीतला पहिला प्रश्न होता, "सर, ह्यानं सोयाबीनवर फवारणी होती का?" मी नाही म्हणालो. "मग कशाला?" याचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साडेतीन वर्षं मी ते जोडत होतो. प्रत्येक रिव्हेट बसला की वहीत खूण. शंका आली की काढून पुन्हा. विमान चालवण्याचा परवाना माझ्याकडे नव्हता, मेव्हण्याकडे होता. त्याचं वय एकतीस, घरात दोन वर्षांची मुलगी. चूक माझी झाली तर पडणार तो होता.

उड्डाणाची परवानगी अजून यायची होती. दसऱ्यानंतरच्या रविवारी नुसतं जमिनीवर पळवून बघायचं ठरलं. पोखर्णीच्या रस्त्याला एका ओळखीच्याच्या पडीक रानात मुरूम टाकून सहाशे मीटरची पट्टी केली होती. तिच्या पलीकडे विजेच्या मोठ्या तारा. दर पन्नास मीटरला मी चुना लावलेला दगड ठेवला. वेग ताशी पन्नासच्या वर न्यायचा नाही; पंचाहत्तरला हे विमान जमीन सोडतं.

मेव्हणा विमानात बसला, मी पट्टीच्या मध्यावर उभा राहिलो. एका हातात घड्याळ, फोन कानाला.

"दाजी, तोंड कशाला पाडलंय? लग्नातबी असंच उभे होता."

"वेगाच्या काट्याकडं बघ."

विमान निघालं. वारा अजिबात नव्हता, धूळ जागच्या जागी उभी राहत होती.

"वीसच दाखवायलंय," तो म्हणाला. "इंजिन लय सुस्त हाय. वाढवतो."

माझ्या समोरच्या दोन दगडांमधलं अंतर त्यानं अडीच सेकंदांत कापलं. म्हणजे ताशी बहात्तर. पुढचं चाक जमिनीला लागत नव्हतं.

"बंद कर! इंजिन बंद!"

"अहो, पण काटा..."

"काटा खोटा आहे! बंद कर!"

चाक खाली आपटलं. विमान थांबलं तेव्हा पट्टी संपायला चाळीस पावलं उरली होती.

पंखाखाली पेन्सिलीएवढी नळी असते. समोरचा वारा तीत शिरतो आणि वेगाचा काटा हलतो. मी नळीत बारीक तार घातली. आधी राख आली, मग काडीचा तुकडा. उदबत्तीचा.

खंडेनवमीला घरातल्या पाना-पकडींची पूजा झाली, तशी विमानाचीही झाली होती. भावाला जपावं म्हणून बायकोनं मनोभावे केली. उदबत्ती खोचायला तिला नळीचं भोक बरोबर सापडलं. भोकावरचं कापडी टोपण मीच काढलं होतं, पूजेत धुळीची चिंधी नको म्हणून. मी शेजारीच हात जोडून उभा होतो. बघत होतो.

"अक्काला सांगू नका," मेव्हणा म्हणाला. मग हसला. "नळी साफ झाली की. चला, अजून एक फेरी."

मी किल्ली काढून खिशात घातली. "आज नाही."

"मग कवा?"

एरवी मी दिवस-वार सांगितला असता.

"सगळं पहिल्यापासून खोलून बघायचंय," मी म्हणालो.

"सगळं?" तो पुन्हा हसायला लागला. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला.