मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर गाडीत शेजारी बसायचे, तिथे त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता. शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तर तो दाबायचे आणि वर तोंडाचा पट्टाही सोडायचे. शेवटच्या दिवशी मात्र ते दोन्ही पाय सीटखाली ओढून घ्यायचे. म्हणायचे, "आज मी म्हणजे नुसतं सामान!"

ही पद्धत चार वर्षांची. त्याआधी त्यांच्या एकोणीस वर्षांच्या लेकीला रक्ताचा कॅन्सर झाला होता. दोन केमोंच्या मधल्या दिवसांत तिने हट्टाने स्टिअरिंग हातात घेतलं. मास्तरांनी वाटभर ब्रेकवरचा पाय उचलला नाही. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबा, आज गाडी तूच चालवलीस." त्यानंतर ती गाडीत बसली ती फक्त हॉस्पिटलला जायला.

आज एका कॉलेजच्या मुलीचा शेवटचा दिवस होता. उतारावरून गाडी वेगात खाली येत असताना समोरच्या फाटकातून एक ट्रक रिव्हर्समध्ये थेट रस्त्यात आला. मास्तरांचा पाय सुटून पुढे जाणार, एवढ्यात त्यांनी दोन्ही गुडघे हातांनी गच्च आवळले. ट्रक जवळ आला, आणखी जवळ आला आणि गचका खाऊन गाडी थांबली. मधे जेमतेम हातभर जागा उरली होती.

मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही ब्रेक दाबलात म्हणून वाचलो."

मास्तरांनी तिला सीटखालचे आपले पाय दाखवले.

"नाही गं पोरी. आज गाडी तूच चालवलीस."