बिनबाणांची शिकार

एडिनबऱ्यात पाऊस इतका, की माणसं घरात बसून किस्से साठवतात. आमचे किस्से मात्र बाहेर, ओल्या गवतावर पालथं पडून जमलेले आहेत! दिवाळीच्या फराळाला आम्ही चौघं एकत्र आलो, की कुणीतरी चकलीचा तुकडा मोडतं आणि म्हणतं, “ते हरीण आठवतंय?” झालं! मग चहा निवतो, मुलं वैतागून वरच्या खोलीत निघून जातात आणि आमचं सुरू होतं.

चौघं म्हणजे मी, भूलतज्ज्ञ. माझा नवरा वसंत, एक्स-रे बघून पोट भरणारा. त्याचा कॉलेजपासूनचा मित्र मधू, जी.पी., म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. आणि मधूची बायको सुनंदा, जी दिवसा शाळेत गणित शिकवायची आणि उरलेला वेळ मधूला आवरायची.

*

या सगळ्याचं खापर इवनवर. इवन आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता. तरुणपणी कॅनडात राहून धनुष्यबाणानं हरणांची शिकार करून आलेला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एकदा कॅन्टीनमध्ये त्यानं हे सांगितलं आणि आम्हाला भेटायला आलेल्या मधूनं सूप बाजूला सारलं.

“मचाण कसलं बांधायचास?”

“मचाण?” इवन दुखावलाच. “झाडावर चढून बसायला काय लागतं? जमिनीवरून जायचं. हरणाच्या बरोबरीनं.”

या देशात धनुष्यबाणानं हरीण मारायला कायद्यानं बंदी. म्हणून इवननं स्वतःचा खेळ काढला होता. ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात जायचं, हातात धनुष्य घ्यायचं, बाण मात्र घरी ठेवायचे. हरणाच्या इतकं जवळ पोचायचं, की त्याचं चावणं ऐकू आलं पाहिजे. ऐकू आलं, की शिकार झाली!

“मग धनुष्य तरी कशाला?” मी विचारलं.

“हातात काही नसलं, की माणूस नाक खाजवतो.”

मधू उठून उभाच राहिला. “मी शुद्ध शाकाहारी. ही शिकार माझ्यासाठीच काढलेली आहे!” आणि आम्हाला कुणालाही न विचारता त्यानं चौघांची नावं देऊन टाकली.

*

धनुष्य धरायचं म्हणजे आधी चालवता यायला हवं, असा इवनचा हट्ट. त्याच्या घरामागे फोमचं एक हरीण उभं होतं. पहिल्याच दिवशी मधूचा बाण हरणाला सोडून इवनच्या थर्मासमध्ये घुसला. मधूनं माफी मागितली ती हरणाची!

वसंतचा बाण लागला. तो जवळ जाऊन, चष्मा वर करून बघत म्हणाला, “लिव्हर. जरा बाहेरच्या बाजूला.” मधू म्हणाला लिव्हर नव्हे, फुप्फुस. दोघांची हरणाच्या पोटावरून जुंपली. इवन बिचारा पावसात उभा.

शेवटी मी हरणाच्या मानेला हात लावला आणि म्हटलं, “पेशंट स्टेबल आहे. आपण चहा घेऊ या.”

*

रानात मात्र पहिले कित्येक महिने आम्हाला हरणाची फक्त शेपटी दिसली. तीही लांब जाणारी.

इवननं एकदा मधूचा कोट हुंगला. “काल जेवायला काय होतं?”

लसणाची फोडणी होती. कोट स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेला. वारा आमच्याकडून वाहायला लागला, की अख्ख्या रानाला आमचा मेनू कळत होता! तेव्हापासून कोट घरात आणायचे नाहीत, असा हुकूम निघाला. सुनंदानं सगळे कोट बागेतल्या दोरीवर टांगले आणि पाऊस आला तरी ते काढायला गेली नाही.

शेजारच्या म्हाताऱ्या बाई धावत कुंपणापाशी आल्या. “अगं, पाऊस पडतोय! कपडे!”

“राहू द्या,” सुनंदा शांतपणे म्हणाली, “आमचं जेवण वाळत घातलंय.”

*

हरणाच्या सगळ्यात जवळ पहिल्यांदा कोण पोचलं असेल? वसंत! पण त्याला ते माहीत नाही.

त्याचे गुडघे कुरकुरायचे, म्हणून इवननं त्याला एका बर्चच्या बुंध्याशी बसवलं आणि ‘हलू नकोस’ म्हणून बजावलं. आम्ही परत आलो तेव्हा महाशय तोंड उघडं टाकून घोरत होते. इवननं वाकून चिखल पाहिला आणि टोपी काढली. वसंतच्या बुटांना वळसा घालून खुरांचे ताजे ठसे गेले होते!

“ज्याची बायको भूल देते,” मधू ओरडला, “त्याला हरीण घाबरेल कशाला?”

*

ओरडला, हे मुद्दाम सांगते. आमची खरी अडचण फोडणी नव्हती. मधू होता!

मधूला गप्प राहताच येत नसे. दवाखान्यातले पेशंट तपासणीपेक्षा त्याच्या गप्पांसाठी यायचे. जमिनीवरच्या शिकारीत सगळी भिस्त शांततेवर, आणि हा हरीण दिसलं की, “अरे, ते बघ!” हरीण गेलं की, “अरे, गेलं!” इवननं हाताच्या खुणा शिकवल्या, तर हा प्रत्येक खूण करून वर तिचा अर्थही सांगायचा.

“मध्या, गप्प!” हे वसंतचं ठरलेलं वाक्य. “अहो, बोलू नका ना,” हे सुनंदाचं.

शेवटी तिनं उपाय काढला. रानात शिरताना त्याच्या तोंडात टॉफी. पण टॉफीचा कागद असा काही चुरचुरला, की टेकडीवरचं हरीणसुद्धा उठून गेलं. पुढच्या वेळेपासून ती घरूनच टॉफ्या सोलून आणायला लागली. मग मधू टॉफीसकट बोलायचा!

*

नव्वद साल उलटल्यावर एका हिवाळ्यात मधूचा आवाज बसला. आम्ही हसलो. “हरणांचे नवस फळले,” असं मीच म्हणाले. आवाज महिना उलटून गेला तरी उठेना, तेव्हा सुनंदानं त्याला धरून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. स्वरयंत्रावर गाठ होती, आणि ती साधी नव्हती.

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. गाठ गेली. आवाजाचं मात्र सर्जननं सरळ सांगितलं, “येईलही, येणारही नाही.”

सुरुवातीला बोलायला बंदी होती, तेव्हा मधूनं देव्हाऱ्यातली घंटा हाताशी घेतली. चहा हवा असला की घंटा! “दिवसातून सहा आरत्या होतात आमच्याकडे,” सुनंदा म्हणायची. पुढे बंदी उठली. स्पीच थेरपिस्टनं व्यायाम दिले. मधू तोंड उघडायचा आणि नुसती हवा यायची. एक दिवस त्यानं हातानंच ‘पुरे’ म्हटलं आणि प्रयत्न सोडला. घंटाही देव्हाऱ्यात ठेवून दिली. ती शांतता मला सोसवत नसे. मी घरी येऊन रडायची.

त्या दिवसांत इवन दर रविवारी सूपचं भांडं घेऊन यायचा. भाज्यांचंच सूप, हे तो पहिल्यांदाच फोनवर विचारून ठरवून आला होता. मधूसमोर बसायचा आणि स्वतः, जन्मात कधी बोलला नव्हता इतकं, बोलायचा. परक्या देशात माणसाला आणखी काय मिळायला हवं? आम्हाला भरभरून मिळालं.

*

त्या शरद ऋतूत इवन आम्हाला पुन्हा रानात घेऊन गेला. मधू यायला तयार झाला, धनुष्यही घेतलं त्यानं. वारा समोरून. पानं ओली, पाऊल वाजत नव्हतं. नेच्याच्या झुडपामागे आम्ही पाचही जण गुडघ्यांवर बसलो. सुनंदा आणि मधू सगळ्यात मागे.

आणि ती आली. छोटी, तांबूस मादी. एकेक पाऊल टाकत, मान खाली घालून, आमच्याच दिशेनं. इवनचे डोळे मोठे झाले. वसंतनं माझं मनगट धरलं. ती थांबली, एक पान ओढलं आणि आम्हाला ऐकू आलं. कर्र, कर्र, कर्र. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

“सुनंदा,” मागून कुणीतरी म्हणालं. खरखरीत, फाटका, पण आवाजच. “टॉफी आहे का गं?”

हरीण उडालं. क्षणात दिसेनासं झालं.

इवनचं बोट सवयीनं ओठांकडे निघालं होतं, ते वाटेतच थांबलं. वसंत मागे वळला.

“मध्या, आता गप्प बसलास तर बघ!”

सुनंदानं कोटाच्या खिशात हात घातला आणि टॉफी काढली. या वेळी कागदासकट. तिनं तो सावकाश सोलला, आणि त्याची चुरचुर अख्ख्या रानाला ऐकू गेली.